वीर्यात एचपीव्ही निघाला, आता मूल होण्याचं काय?

एका पतीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पतीचं वय ३३, पत्नीचं २९. लग्नाला अडीच वर्षं झाली, दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. पती नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करतात, तंबाखूची सवय आहे. वीर्य तपासणीत प्रमाण २ मिली, शुक्राणू मिलीला २२ मिलियन आणि सरळ पुढे जाणारे १८ टक्के आले. मग वीर्याचीच एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूसाठी पीसीआर चाचणी केली, त्यात ‘हाय रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड, १६ आणि १८ नाही’ असं लिहून आलं. या विषाणूमुळेच मूल होत नाही का? लस घेतली तर तो जाईल का? ठरलेलं आययूआय, म्हणजे लॅबमध्ये धुतलेलं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं, पुढे ढकलायचं का? पत्नीला कॅन्सरचा धोका आहे का, आणि तिला हे सांगायचं कसं?

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण असा रिपोर्ट घरी गेला की पहिला संशय चारित्र्यावर जातो. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूंत एचपीव्ही सर्वांत सर्रास आढळणारा. जगभरातल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२३ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलं. त्यानुसार १५ वर्षांवरच्या साधारण तीन पुरुषांमागे एकाला जननेंद्रियाचा कुठला ना कुठला एचपीव्ही असतो, आणि पाचांमागे एकाला हाय रिस्क, म्हणजे कॅन्सरशी संबंध असलेला प्रकार. तो त्वचेच्या संपर्कातून लागतो, बहुतेकांना काहीच त्रास देत नाही आणि काही वर्षं दबून राहून पुन्हा चाचणीत दिसू शकतो. म्हणून तो कधी लागला, कुणाकडून कुणाला गेला, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही. रिपोर्ट लपवू नका, पण रात्री जेवताना मोबाइलवर पीडीएफ दाखवूनही सांगू नका. पुढच्या भेटीला दोघं जा आणि डॉक्टरांनाच दोघांसमोर समजावून सांगायला लावा.

आता त्या रिपोर्टचा अर्थ. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. ६ आणि ११ हे लो रिस्क, त्यांच्यामुळे गुप्तांगावर चामखीळ येतात. १६ आणि १८ सर्वांत घातक. त्यांच्याखेरीज ३१, ३३, ४५, ५२, ५८ वगैरे हाय रिस्क प्रकारांचा एक गट आहे आणि तुमच्या रिपोर्टमध्ये त्या गटापैकी काहीतरी सापडलंय. पीसीआर फक्त विषाणूचा डीएनए ओळखते. तो डीएनए शुक्राणूला चिकटलेला होता, मूत्रमार्गातून गळून आलेल्या पेशींत होता, की शिश्नाच्या त्वचेवरून नमुन्यात पडला, हे तिला कळत नाही. या तिन्ही शक्यतांचा अर्थ अगदी वेगळा आहे. त्वचेवरचा विषाणू डब्यात पडला असेल तर त्याचा प्रजननाशी काही संबंध नाही.

म्हणून नमुना कसा दिला ते आठवून पाहा. आधी लघवी केली होती का? हात आणि शिश्न, पुढची त्वचा मागे सारून, साबणानं धुऊन कोरडं केलं होतं का? डब्याच्या आतल्या कडेला त्वचा लागली का? यातलं काही राहिलं असेल तर पॉझिटिव्ह निकालाचं वजन तिथंच कमी होतं. नाशिकमधल्या लॅबनं पीसीआरचा नमुना मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला असेल तर त्यानं बिघडत नाही, डीएनए टिकतो. पुरुषांच्या वंध्यत्वासाठी ही चाचणी अजून नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत नाही, हेही लक्षात असू द्या. कृत्रिम प्रजनन उपचारांसाठीच्या एआरटी कायदा २०२१ मध्ये वीर्यदात्यासाठी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस या तपासण्या नावानिशी सांगितल्या आहेत, त्यांत एचपीव्ही नाही.

विषाणू खरोखर शुक्राणूवर असेल तर काय होतं? यावर सर्वांत जास्त काम इटलीतल्या पादुआ विद्यापीठात झालं. एचपीव्हीच्या कवचात एल१ नावाचं प्रथिन असतं. शुक्राणूच्या डोक्याच्या मधल्या पट्ट्यावर सिंडेकन-१ नावाचा रेणू असतो. एल१ त्याला धरतं आणि विषाणू तिथं बसतो. हा पट्टा महत्त्वाचा, कारण शुक्राणू बीजांडाला चिकटतो तो साधारण याच भागानं. डोक्यावर विषाणू असलेले शुक्राणू मरत नाहीत, पोहत राहतात. त्यांचा पुढे सरकण्याचा वेग मात्र कमी झालेला बऱ्याच अभ्यासांत दिसला. अशा वीर्यात शुक्राणूविरोधी अँटिबॉडीही जास्त आढळल्या. अँटिबॉडी शेपटीवर बसली की शुक्राणू जागच्या जागी थरथरतो आणि डोक्यावर बसली की बीजांडाला चिकटत नाही. काही वीर्यांत मुक्त ऑक्सिजन रेणूंचा मारा (ऑक्सिडेटिव्ह ताण) वाढतो आणि शुक्राणूच्या आवरणाला इजा होते.

पुढचा टप्पा फलनानंतरचा. प्रयोगशाळेत हॅमस्टरच्या बीजांडावर केलेल्या प्रयोगांत असा शुक्राणू विषाणूचा डीएनए आत घेऊन जाताना दिसला. गर्भाची वार ज्या पेशींपासून बनते, त्या पेशींत एचपीव्ही १६ घातल्यावर त्या जास्त मरतात आणि गर्भाशयाच्या अस्तरात कमी रुजतात, हेही काचपात्रात दिसलंय. लवकरच्या गर्भपाताशी जो संबंध जोडला जातो तो या आधारावर. मात्र काचपात्रात दिसलेलं सगळं पोटात तसंच घडतं असं मानून चालत नाही.

माणसांवरचे आकडे एका बाजूचे नाहीत. पादुआच्या २०१६ सालच्या अभ्यासात वंध्यत्वासाठी आलेली २२६ जोडपी होती, त्यांपैकी ५४ पुरुषांच्या वीर्यात एचपीव्ही सापडला. विषाणू नसलेल्या गटात ३८.४ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला, असलेल्या गटात १४.२ टक्के. गर्भपाताचं प्रमाण १६.७ विरुद्ध ६२.५ टक्के. हे शेवटचे आकडे इंटरनेटवर सगळीकडे फिरतात आणि वाचणारा हबकतो. पण विषाणू असलेल्या गटात गर्भधारणाच मोजक्या होत्या. एवढ्या लहान संख्येवरची टक्केवारी दोन-तीन घटनांनी कुठल्या कुठे जाते. दुसरीकडे त्याच वर्षी नेदरलँड्समधून ४३० पुरुषांचा अभ्यास आला. १४.९ टक्क्यांच्या वीर्यात एचपीव्ही होता, पण संख्या, गती, आकार यांत काहीच फरक नव्हता. अर्जेंटिनाचा २०२४ चा अभ्यास मधलं काहीतरी सांगतो. २०५ पुरुषांपैकी १९ टक्के पॉझिटिव्ह, नेहमीच्या वीर्य रिपोर्टमध्ये फरक नाही, मात्र बारकाईनं पाहिल्यावर हाय रिस्क प्रकार असलेल्यांत मेलेले शुक्राणू आणि ऑक्सिडेटिव्ह ताण जास्त, पांढऱ्या पेशी कमी.

माझं मत या सगळ्यावरून असं: एचपीव्ही पुरुषाच्या प्रजननक्षमतेला धक्का देऊ शकतो, पण एकट्यानं दार बंद करतो याला पुरावा नाही. तो असतानाही असंख्य जोडप्यांना मुलं होतात. कारणांच्या यादीत तो असू द्या, पण सगळ्यात वर नको. बाकी कारणं तपासून झाल्याशिवाय त्याच्यावर खापर फोडणं म्हणजे सुधारता येण्यासारखं काही हातातून सोडणं. आणि तुमच्या माहितीत सुधारता येण्यासारखं बरंच दिसतंय.

तुमचा आकडा मांडू. २ मिली गुणिले २२ मिलियन गुणिले ०.१८ म्हणजे सुमारे ७.९ मिलियन पुढे जाणारे शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण १.४ मिली, मिलीला १६ मिलियन, पुढे जाणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. तुमचं प्रमाण आणि संख्या ठीक आहे, अडचण गतीची. आणि गती ही वीर्य तपासणीतली सर्वांत नाजूक गोष्ट. नमुना घरून नेला होता का? निफाड-ओझरकडचे लोक डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी मोटरसायकलच्या डिकीत डबी टाकून कॉलेज रोडच्या लॅबला येतात. निफाडचा पारा तेव्हा एक आकडी असतो, पोहोचेपर्यंत निम्मे शुक्राणू गारठलेले. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. नाहीच जमलं तर शर्टाच्या आत अंगाशी धरून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवावा, तासाच्या वर जाऊ नये. आधी २ ते ७ दिवसांचा संयम, तोही दोन्ही तपासण्यांना सारख्याच दिवसांचा. लाळ, तेल, साधा कंडोम यांपैकी काहीही वापरू नये. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, सांगा. सर्वांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. एका रिपोर्टवर निदान होत नाही, काही आठवड्यांनी दुसरा करावाच लागतो.

भट्टीचं काम हे तुमच्याबाबतीत विषाणूइतकंच, खरं तर त्याहून जास्त, लक्ष देण्यासारखं. अंडकोष शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड असावे लागतात. आठ तास भट्टीसमोर, वर जाड पँट आणि घट्ट अंतर्वस्त्र, म्हणजे तो थंडावा मिळतच नाही. सुपरवायझरला सांगून तीन-चार महिन्यांसाठी क्वालिटी, डिस्पॅच अशा विभागात बदली मिळते का पाहा. नाही मिळाली तर सैल सुती अंतर्वस्त्र, दर तासाला काही मिनिटं भट्टीपासून दूर, घरी गरम पाण्याच्या टबात बसणं बंद, मांडीवर लॅपटॉप नको. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि बाहेर येण्याच्या मार्गावर पक्व व्हायला आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसतो. मागच्या तीन महिन्यांत डेंग्यू, चिकनगुनिया किंवा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तोही याच हिशेबात धरा. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना हेच गणित फवारणीला लावावं लागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर हातमोजे-मास्क न घालता फवारण्या केल्या आणि जानेवारीत रिपोर्ट काढला, तर त्यात त्या फवारण्यांचा वाटा असू शकतो.

तंबाखूबद्दल स्पष्टच लिहितो: सोडा. ती शुक्राणूंना थेट मारक आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांत एचपीव्ही रेंगाळतो असंही दिसतं. एका औषधाचे पैसे न खर्चता दोन्ही कामं होतात. याखेरीज एकदा यूरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडून (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) उभं राहून तपासून घ्या, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा हे गती कमी असण्याचं नेहमीचं कारण आहे आणि आडवं झोपवून पाहिलं तर ते सुटतं. साखर तपासा. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी शुक्राणू तयार होणंच थांबतं.

आता आययूआय. केवळ एचपीव्ही निघाला म्हणून ते रद्द करू नका. धुण्याआधीचे पुढे जाणारे शुक्राणू १० मिलियनच्या वर असतील तर आययूआयला बरी संधी, ५ ते १० मध्ये करून पाहण्यासारखं, त्याहून कमी असतील तर आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) किंवा इक्सी (एकच शुक्राणू सुईनं बीजांडात सोडणं) यांचा विचार लवकर करायचा, असा व्यवहारातला ढोबळ हिशेब. तुम्ही मधल्या गटात आहात. पत्नी २९ वर्षांची असल्यामुळे तीन महिने गतीवर काम करायला वेळ आहे. तोवर तिच्या बीजनलिका मोकळ्या आहेत का ते एचएसजीनं (नलिकांचा एक्स-रे) पाहून घ्या. त्या बंद असतील तर आययूआयचा प्रश्नच उरत नाही. मग तीन आययूआय, त्यात नाही झालं तर पुढची पायरी. हीच पत्नी ३७ वर्षांची असती तर सल्ला वेगळा असता: विषाणू जाण्याची वाट पाहत एक महिनाही घालवू नका. बीजांडांचं वय हे विषाणूपेक्षा मोठं कारण आहे, आणि ते मागे फिरत नाही.

वीर्य धुतल्यावर विषाणू निघून जातो का, असं बरेच जण विचारतात. आययूआयपूर्वी लॅबमध्ये दोनपैकी एक पद्धत वापरतात. एकीत खास द्रवाच्या ८० आणि ४० टक्के दाटपणाच्या दोन थरांवर वीर्य ठेवून सेंट्रिफ्यूज फिरवतात. दुसरी स्विम-अप. तिच्यात वीर्यावर पोषक द्रव अलगद ओततात, नळी ४५ अंशांत तिरकी करून ३७ अंश तापमानात तासभर ठेवतात आणि वर पोहून आलेले शुक्राणू घेतात. दोन्हींनी सुटे विषाणू आणि पेशी बऱ्याच कमी होतात, पण डोक्याला चिकटलेला विषाणू पूर्ण निघेल याची खात्री नाही. हायल्युरोनिडेझ हे एन्झाइम घालून केलेल्या स्विम-अपनं तो बराच निघतो असं पादुआच्या गटानं दाखवलंय. तुमच्या केंद्राच्या एम्ब्रिऑलॉजिस्टला, म्हणजे लॅबमधल्या गर्भतज्ज्ञाला, विचारायला हरकत नाही. पण ही सर्वमान्य पद्धत नाही. ‘एचपीव्ही वॉश’ म्हणून कुणी वेगळे मोठे पैसे मागत असेल तर ते देऊ नका. इक्सीत सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू निवडतात, पण विषाणू इतका बारीक की त्या निवडीत तो दिसत नाही. आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून एचपीव्ही मरत नाही, म्हणून आज नमुना गोठवून ठेवल्यानं हा प्रश्न सुटत नाही.

लस. एचपीव्हीची लस पुढच्या संसर्गापासून वाचवते. अंगात असलेला विषाणू घालवण्याचं औषध म्हणून ती बनवलेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे, ९ ते २६ वर्षांच्या मुलामुलींसाठी. १४ वर्षांपर्यंत ० आणि ६ महिने असे दोन डोस, १५ पासून ०, २ आणि ६ महिने असे तीन, दंडाच्या स्नायूत अर्धा मिली. तुमचं वय ३३, म्हणजे परवान्याच्या बाहेर, आणि रिपोर्टमध्ये सापडलेला प्रकार १६-१८ नाही, म्हणजे चार प्रकारांच्या लसीचा त्यावर थेट उपयोगही नाही. इटलीतून २०१८ साली १५१ जोडप्यांचा अभ्यास आला: लस घेतलेल्या ७९ पुरुषांच्या घरी वर्षभरात ३० गर्भधारणा, न घेतलेल्या ७२ च्या घरी ११. आकडे आशादायक वाटतात, पण लस घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. त्यामुळे हा पुरावा कच्चा आहे. मी तुमच्या जागी मुलासाठी म्हणून या लसीवर पैसे घालणार नाही. घरात ९ ते १४ वर्षांची भाचरं-पुतणे असतील तर त्यांना मात्र जरूर द्या, मुलग्यांनाही.

मग विषाणूवर औषध काय? काहीच नाही. आणि बहुतेकदा लागतही नाही. अमेरिका, मेक्सिको आणि ब्राझीलमधल्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात जननेंद्रियावरचा एचपीव्ही जाण्याचा मध्यक कालावधी, म्हणजे निम्म्यांचा विषाणू जायला लागलेला वेळ, सुमारे साडेसात महिने होता, १६ नंबरला वर्षभर. वीर्यात एचपीव्ही निघाला म्हणून ऑफ्लॉक्सासिन-डॉक्सीचे कोर्स लिहून दिले जातात. प्रतिजैविकं विषाणूला लागू पडत नाहीत. ती द्यायची ती वीर्यात मिलीला १ मिलियनपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि कल्चरमध्ये जिवाणू असेल तेव्हाच. महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या बाबतीत २०२० साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक मिश्र अँटिऑक्सिडंटची, दुसरी झिंक-फॉलिक ॲसिडची. दोन्हींत फायदा दिसला नाही. ‘इम्युनिटी’ची चूर्णं तर सोडूनच द्या.

गुप्तांगावर चामखीळ असतील तर मात्र उपचार घ्या, कॉलेज रोडला जायला संकोच वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. क्रायो (गोठवून काढणं) किंवा विद्युतदहन एक-दोन बैठकांत होतं. घरी लावायच्या औषधांत पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के दिवसातून दोनदा तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, असे जास्तीत जास्त चार आठवडे. इमिक्विमॉड ५ टक्के आठवड्यातून तीनदा रात्री, सकाळी धुऊन टाकायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. दिवस राहण्याची शक्यता असताना पोडोफायलोटॉक्सिन पत्नीला लावू नये, आणि तुम्ही लावत असाल तर त्या काळात संबंध टाळावा. इमिक्विमॉडनं कंडोम कमजोर होतो. आणि लेडीज ब्युटी पार्लरमध्ये मिळणारं चामखीळ जाळायचं द्रावण तिथं अजिबात नको.

पत्नीबद्दल. तुमच्या वीर्यात एचपीव्ही निघाला म्हणजे तिला कॅन्सर झाला किंवा होणारच, असं नाही. बहुतेक स्त्रियांच्या अंगातून हा संसर्ग दोनेक वर्षांत निघून जातो. जो वर्षानुवर्षं टिकतो तोच पुढे गर्भाशयमुखाच्या पेशी बदलतो, आणि त्यालाही साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. दिवस राहण्याआधी एक पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) करून घ्या, गर्भारपणात तिचा अर्थ लावणं आणि उपचार करणं दोन्ही अवघड होतं. तिशीनंतर एचपीव्ही चाचणी, आणि ती निगेटिव्ह असेल तर पाच वर्षांनी पुन्हा. तिचं वय २६ च्या पुढे असल्यानं लस हवी असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा, मात्र गर्भारपणात लस देत नाहीत. पहिल्या डोसनंतर दिवस राहिले तर घाबरायचं कारण नाही, उरलेले डोस बाळंतपणानंतर घेतात. केवळ एचपीव्हीसाठी सिझेरियन करत नाहीत.

कंडोमबाबत एक अडचण आहे. नियमित वापरानं विषाणू लवकर जायला मदत होते असं अभ्यासांत दिसलंय, पण मूल हवं असणाऱ्यांनी तो सहा महिने वापरायचा म्हणजे सहा महिने वाया. मधला मार्ग असा: गतीवर काम करायचे तीन महिने तसेही आहेत. त्या काळात बीज सुटण्याच्या आसपासचे पाच-सहा दिवस सोडून बाकी दिवशी कंडोम वापरा. दोघांची तयारी नसेल तर सोडून द्या, त्यावरून घरात तणाव नको.

तीन महिन्यांनी फक्त वीर्य तपासणी पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, तितक्याच दिवसांच्या संयमानं. गती ३० टक्क्यांकडे सरकली असेल तर तीन-चार महिने नैसर्गिक प्रयत्न करायला हरकत नाही. १८ वरच अडकली असेल तर आययूआय सुरू करा. एचपीव्हीची पीसीआर त्या वेळी करू नका. सहा महिन्यांच्या आत ती पॉझिटिव्हच येण्याची शक्यता मोठी, आणि आली तरी वरचा एकही निर्णय बदलत नाही. अपवाद एकच. पुढे दिवस राहून लागोपाठ दोनदा सुरुवातीलाच गर्भ पडला, तर दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, पत्नीची थायरॉइड आणि अँटिफॉस्फोलिपिड (रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडींची) चाचणी, तुमची शुक्राणू डीएनए फ्रॅगमेंटेशन (शुक्राणूतल्या डीएनएच्या तुटीची) टेस्ट यांच्यासोबत एचपीव्हीही पुन्हा पाहावा, या वेळी नीट धुऊन, लॅबमध्येच दिलेल्या नमुन्यावर.